परदेशवारीआधी पासपोर्टची मुदत कशी मोजायची

पासपोर्टवर ‘१४/०३/२०२७’ अशी तारीख असली की घरात सगळे धरून चालतात, मार्च २०२७ पर्यंत काळजी नाही. प्रत्यक्षात हाच पासपोर्ट बालीसाठी सप्टेंबर २०२६ मध्येच संपतो, फ्रान्स-इटलीसाठी डिसेंबरमध्ये, आणि ब्रिटनसाठी मात्र खरोखर मार्चमध्ये. पुस्तक तेच, तारीख तीच, पण प्रत्येक देशाच्या दारात तिची किंमत वेगळी. म्हणून विमानाची तिकिटे काढण्याआधी, सहल कंपनीला आगाऊ रक्कम देण्याआधी, हा हिशोब करायचा असतो. व्हिसाचा अर्ज भरताना तो करायला बसलात तर उशीर झालेला असतो. खाली दिलेली सगळी माहिती भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी पुस्तक हातात घ्या

आठवणीवर किंवा मोबाइलमधल्या जुन्या फोटोवर विसंबू नका. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट टेबलावर ठेवा आणि चार गोष्टी एका कागदावर उतरवा: पासपोर्ट क्रमांक, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, व्हिसासाठी पूर्ण कोरी राहिलेली पाने. भारतीय पासपोर्टवर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते. परदेशी संकेतस्थळांवर कधीकधी महिना आधी मागतात. तिथे ०४/११ लिहिताना ४ नोव्हेंबरचा ११ एप्रिल होतो आणि चुकीच्या तारखेचा ई-व्हिसा हातात पडतो. अर्जात महिन्याचे नाव निवडायची सोय असेल तर तीच वापरा.

प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो आणि तो दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी संपतो. १५ मार्च २०१७ ला मिळालेला पासपोर्ट १४ मार्च २०२७ ला संपेल. एका दिवसाचा हा फरक पुढे कामाला येतो. सगळेच पासपोर्ट १० वर्षांचे असतात असेही नाही. काही कारणांनी, उदाहरणार्थ न्यायालयात प्रकरण चालू असताना, एक वर्षाचा अल्पमुदतीचा पासपोर्ट मिळतो. असा पासपोर्ट सहा महिन्यांचा नियम असलेल्या देशांसाठी मिळाल्यापासून जेमतेम सहा महिनेच उपयोगाचा असतो.

नियम तीन तऱ्हेचे

पहिला नियम सर्वांत जास्त लोकांना नडतो: देशात उतरता त्या दिवशी पासपोर्टची निदान ६ महिने मुदत शिल्लक हवी. संयुक्त अरब अमिराती, म्हणजे आपली दुबई-अबुधाबी, आणि इंडोनेशिया हा नियम येण्याच्या दिवसापासून मोजतात. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका, हाँगकाँग इथेही सहा महिन्यांचीच मागणी असते. थोडक्यात, महाराष्ट्रातून पहिल्यांदा परदेशी जाणारी बहुतेक कुटुंबे ज्या देशांत जातात ते जवळजवळ सगळे या गटात येतात. मोजणी येण्याच्या दिवसापासून की परतण्याच्या दिवसापासून, हे नियमाच्या शब्दांतून स्पष्ट होत नसेल तर परतीच्या दिवसापासून मोजा. तेवढी मुदत असेल तर दोन्ही अर्थांनी तुम्ही सुरक्षित.

दुसरा नियम परतीपासून मोजतात. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी, म्हणजे फ्रान्स-इटलीसारख्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांसाठी, तीन अटी एकत्र असतात: शेंगेन भागातून बाहेर पडण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असणे, आणि किमान २ कोरी पाने. एकाहून अधिक वेळा जाण्याचा व्हिसा मागत असाल तर हे तीन महिने शेवटच्या फेरीच्या परतीपासून धरतात. दक्षिण आफ्रिकेला परतीनंतर ३० दिवस पुरतात, पण तिथेही कोरी पाने लागतात.

तिसरा नियम सर्वांत सोपा. मुक्काम संपेपर्यंत पासपोर्ट चालू असला की झाले. ब्रिटन आणि जपान या गटात आहेत. अमेरिकेचा मूळ नियम सहा महिन्यांचा, पण ज्या देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे त्या यादीत भारत आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टला तिथे मुक्कामापुरती मुदत चालते. तरी अमेरिकेच्या बाबतीत एक वेगळी मेख आहे, ती पुढे दिली आहे.

बोटे मोजून हिशोब

१४ मार्च २०२७ ला संपणारा पासपोर्ट घेऊ. सहा महिने मागे जा: १४ सप्टेंबर २०२६. बाली किंवा दुबईत पाय ठेवण्याचा हा शेवटचा दिवस. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक, ६ महिने म्हणजे १८० दिवस असे धरणे. नियम महिन्यांचा असेल तर तारखेने तारीख मोजतात आणि सहा महिने भरायला साधारण १८१ ते १८४ दिवस लागतात. मोबाइलवर १८० दिवस मोजून ‘बसतंय’ म्हणणारा माणूस एक ते चार दिवसांनी चुकू शकतो, आणि काउंटरवर एक दिवसही सोडत नाहीत.

दुसरी चूक रात्रीच्या विमानाची. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी पुष्कळ विमाने रात्री उशिरा सुटतात. समजा तिकिटावर १४ सप्टेंबर, रात्री ११.४० असे आहे. तुम्ही १४ तारखेला निघालात हे खरे, पण बालीत उतरणार १५ तारखेला. १५ सप्टेंबरपासून सहा महिने म्हणजे १५ मार्च, आणि पासपोर्ट तर १४ मार्चला संपतो. एका दिवसाने कमी. अशा वेळी मुंबईतच चेक-इनला अडवतात. म्हणून मोजणी नेहमी उतरण्याच्या तारखेपासून, तिथल्या स्थानिक वेळेने करायची. शिवाय आठ-दहा दिवसांची जास्तीची मुदत हाताशी राखावी, कारण विमान रद्द होऊन प्रवास पुढे ढकलला गेला तर तोच पासपोर्ट अचानक कमी पडतो.

आता याच पासपोर्टवर युरोप बघा. २८ नोव्हेंबरला जायचे आणि ८ डिसेंबर २०२६ ला परत फिरायचे. ८ डिसेंबरनंतर तीन महिने म्हणजे ८ मार्च. पासपोर्ट १४ मार्चपर्यंत आहे, त्यामुळे बसले. पण परतीत ‘दोन दिवस दुबई पण करून घेऊ’ असे ठरले की सगळे फिसकटते. ९ डिसेंबरला दुबईत प्रवेश करायचा तर ९ जून २०२७ पर्यंतची मुदत हवी. पॅरिसला चालणारा पासपोर्ट दुबईला चालत नाही, ही गोष्ट खूप जणांच्या ध्यानातच येत नाही. विमानतळाच्या आतच विमान बदलून पुढे जायचे असेल आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर दुबईत प्रवेशाचा प्रश्न येत नाही. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, बॅगा मध्येच उचलून परत चेक-इन कराव्या लागल्या, तर मात्र त्या देशात रीतसर प्रवेश करणे भाग पडते आणि तिथला मुदतीचा नियमही लागू होतो. सहलीत जितके देश, तितक्या वेळा हिशोब करायचा. त्यातला सर्वांत कडक नियम हाच तुमचा नियम.

अडवतात कोण आणि का

मुदत कमी असली की बहुतेक वेळा परदेशातला अधिकारी नव्हे, तर इथल्या विमान कंपनीचा कर्मचारी अडवतो. त्याच्यासमोरच्या संगणकावर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली असते. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा ती चालवते. नागरिकत्व, जायचा देश आणि पासपोर्टची तारीख घातली की प्रवास चालेल की नाही ते तिथे दिसते. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च विमान कंपनीवर पडतो, वर दंडही होतो. त्यामुळे ‘माझं हॉटेल बुक आहे’, ‘परतीचं तिकीट आहे’, ‘मागच्या वर्षी जाऊ दिलं होतं’ यातल्या कशाचाही उपयोग होत नाही. कर्मचाऱ्याच्या हातात सूट देण्याचा अधिकारच नसतो. असे अडल्यावर तिकिटाचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

हीच तपासणी आयाटाच्या प्रवासविषयक संकेतस्थळावर प्रवाशालाही आधी करता येते. त्यासोबत ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाचे किंवा इमिग्रेशन खात्याचे पान स्वतः वाचा. नियम बदलत राहतात, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी देशांची यादी किती जुनी आहे ते कळायला मार्ग नसतो. एजंटने ‘चालतंय’ म्हटले तरी, कोणत्या तारखेपासून मोजून चालतंय, ते विचारा.

व्हिसा किती वर्षांचा मिळणार, तेही इथेच ठरते

पासपोर्टची मुदत कमी असली की प्रवास अडतोच असे नाही. कधीकधी व्हिसा तोकडा मिळतो, आणि ते नुकसान लगेच दिसत नाही.

कॅनडाचा पर्यटक व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. दीड वर्ष उरलेल्या पासपोर्टवर अर्ज केलात तर फार तर दीड वर्षाचा व्हिसा मिळेल. शुल्क तेवढेच, कागदपत्रांची उठाठेव तेवढीच. नव्या पासपोर्टवर तोच व्हिसा कितीतरी जास्त काळाचा मिळू शकला असता. शेंगेनचेही तसेच आहे. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून सोय झाली आहे: गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. पण पासपोर्टची तेवढी मुदत शिल्लक असेल तरच. युरोपला वारंवार जाणाऱ्यांनी पाच वर्षांच्या व्हिशाच्या टप्प्यावर पोचण्याआधी पासपोर्ट नवा करून घेणे शहाणपणाचे.

अमेरिकेचे उलट आहे. तिथला १० वर्षांचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेला नसतो. जुना पासपोर्ट संपला तरी त्यातला व्हिसा चालतो, जुना आणि नवा दोन्ही बरोबर ठेवायचे. मेख आहे ती मुक्कामाच्या तारखेत. पुण्या-नाशिकचे आईवडील मुलांकडे पाच-सहा महिने राहायला जातात, त्यांनी हे नीट वाचावे. तिथे उतरल्यावर अधिकारी किती दिवस राहायचे ती तारीख आय-९४ या नोंदीत घालतात. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर ते पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच मुक्काम देऊ शकतात. नातवंडाच्या वाढदिवसापर्यंत राहायचे ठरवून गेलेल्या आजी-आजोबांना मग महिनाभर आधी परतावे लागते. उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांत अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर आपला आय-९४ उघडून तारीख पाहावी. पासपोर्टवरच्या शिक्क्यापेक्षा ही नोंद महत्त्वाची. शक्य असेल तर इतक्या लांबच्या मुक्कामाआधी भारतातच पासपोर्ट नवा करून जावे. तिथल्या वाणिज्य दूतावासामार्फत तो करता येतो, पण पाहुणा म्हणून गेलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे जास्त यातायात पडते.

मुदत आहे, तरी पासपोर्ट चालत नाही

कोरी पाने संपणे हे यातले मुख्य कारण. साध्या पासपोर्टला ३६ पाने असतात, पण त्यातली सगळी व्हिशासाठी नसतात. माहितीची, पत्त्याची आणि शेऱ्यांसाठी राखलेली पाने वगळून मोजा. शेंगेन किंवा अमेरिकेचा व्हिसा चिकटवला की एक अख्खे पान जाते. एका कोपऱ्यात जरी शिक्का असला तरी ते पान कोरे धरत नाहीत. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, म्हणून पाने लागत नाहीत असा समज करून घेऊ नका. व्हिसाच्या अर्जासाठी दोन कोऱ्या पानांची अट आहे तशीच आहे. भारतात जादा पानांची पुरवणी जोडून मिळत नाही. पाने संपली की नवाच पासपोर्ट घ्यावा लागतो. वरचेवर फिरणाऱ्यांनी पुढच्या वेळी ६० पानांचा मागावा, ५०० रुपयेच जास्त लागतात.

दुसरे कारण खराबी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या पासपोर्टला दमटपणा धरतो. पाने लाटांसारखी वळतात, कव्हर आतून सुटते, शिलाईचा दोरा सैल पडतो, कधी बुरशीचे ठिपके येतात. इंडोनेशियात फाटक्या-भिजक्या पासपोर्टबाबत विशेष कडक धोरण आहे. पासपोर्ट उजेडात धरून माहितीचे पान वाकवून पाहा. फोटोच्या कडेने थर सुटला असेल, खालच्या दोन ओळींतली यंत्राने वाचायची अक्षरे पुसट झाली असतील, किंवा एखादे पान कडेने फाटले असेल तर मुदत कितीही असो, तो बदलून घ्या. घरी लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, त्याने सरळ सरळ खराब झालेल्या पासपोर्टमध्ये गणना होते. पर्यटनस्थळी गंमत म्हणून मारून देतात ते स्मरणशिक्के पासपोर्टवर कधीही घेऊ नयेत. वहीवर घ्या. जपून ठेवायचा तर झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात.

तिसरे, नाव. दुबईच्या पर्यटक व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एकच शब्द असलेले नाव, म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा आणि नावाच्या रकान्यातही एकच शब्द असलेला पासपोर्ट, सहसा चालत नाही. आपल्याकडे निराळा गोंधळ होतो: नावाच्या रकान्यात ‘सुनील रामचंद्र’ असे वडिलांच्या नावासकट असते आणि तिकीट काढताना नुसते ‘सुनील’ घातले जाते. पासपोर्टवर जे अक्षर जसे आहे ते तसेच्या तसे तिकिटावर आणि व्हिसावर जाऊ द्या.

लहान मुलांचा पासपोर्ट सर्वांत आधी पाहा

कुटुंबाची सहल अडते ती बहुधा मुलांच्या पासपोर्टमुळे. १८ वर्षांखालच्यांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा वयाची १८ पूर्ण होईपर्यंतचा, यातले जे आधी येईल तेवढा. आईवडिलांचे पासपोर्ट एकदम काढलेले असले तरी मुलाचा त्यांच्या अर्ध्यातच संपतो, आणि सहा महिन्यांचा नियम धरला तर हातात साडेचारच वर्षे राहतात. १५ ते १८ वयोगटात १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, त्याला प्रौढांचे शुल्क पडते. दहावीच्या सुट्टीत पासपोर्ट काढत असाल तर हाच पर्याय घ्या, म्हणजे पुढे शिक्षणासाठी जाताना पुन्हा धावपळ नको.

मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या संमतीचे प्रपत्र ‘ड’ जोडायचे. चार वर्षांखालच्या बाळाचा फोटो केंद्रात काढत नाहीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो बरोबर न्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरतात, तेव्हा महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, त्यावर बाळाचे नाव चढलेले असलेला, आधीच हातात ठेवा. नाव न चढवलेला दाखला घेऊन गेल्याने कितीतरी अपॉइंटमेंट वाया जातात.

नवा कधी आणि कसा करायचा

मुदत संपायला एक वर्ष राहिले की अर्ज करता येतो. नऊ ते बारा महिने शिल्लक असताना करून टाकावा. जुन्यातली उरलेली मुदत नव्यात मिळवत नाहीत म्हणून लोक थांबतात, शेवटच्या महिन्यापर्यंत. १५०० रुपयांत १० वर्षे, म्हणजे एक वर्ष सोडल्याने १५० रुपयांचे नुकसान. त्यासाठी चार माणसांची तिकिटे बुडवण्याची जोखीम घेऊ नये.

‘पासपोर्ट सेवा’च्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एमपासपोर्ट सेवा या अॅपवर नोंदणी करा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘gov.in’ आहे ना ते पाहा. अर्ज ‘रीइश्यू’चा भरायचा, नवीन पासपोर्टचा नव्हे. कारण म्हणून ‘मुदत संपली किंवा संपत आली’ निवडा. एक वर्षाहून जास्त मुदत आहे पण पाने संपली, तर पाने संपल्याचे कारण निवडा. पत्ता बदलला असेल, लग्नानंतर नाव बदलायचे असेल, तर ते याच अर्जात करून घ्या.

शुल्क ३६ पानांना १५०० आणि ६० पानांना २००० रुपये, मुलांसाठी १००० रुपये. तत्काळ हवा असेल तर २००० रुपये जादा. हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पासपोर्टच्या बदली ३६ पानांचा हवा असेल तर ३००० रुपये. शुल्क ऑनलाइन भरल्यावरच अपॉइंटमेंट मिळते, आणि ती वर्षाच्या आत तीनदा बदलता येते. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यासाठी पणजी इथे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये आहेत. पासपोर्ट सेवा केंद्रात तारीख लांबची असेल तर जवळच्या टपाल कार्यालयातले केंद्र पाहा, तिथे बऱ्याचदा लवकरची मिळते.

बरोबर न्यायचे: मूळ जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची सही केलेली झेरॉक्स, शेरा असलेले पान असेल तर त्याचीही, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. आधारवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. ‘फ्लॅट नं. ७’ आणि ‘सदनिका ७’ इतक्या फरकानेही प्रश्न विचारले जातात. केंद्रात टोकन घेऊन अ, ब, क अशा तीन काउंटरांवरून जायचे: पहिल्यावर कागद स्कॅन, फोटो आणि बोटांचे ठसे, दुसऱ्यावर मूळ कागदांची पडताळणी, तिसऱ्यावर मंजुरी. पहिल्या काउंटरच्या पडद्यावर तुमची माहिती दिसते, तेव्हा प्रत्येक अक्षर वाचा. चूक तिथेच फुकट दुरुस्त होते. छापून आल्यावर नवा अर्ज आणि नवे शुल्क.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्ज मंजूर झाला की जुना पासपोर्ट रद्द होतो, कोपरा कापून परत देतात. नवा येईपर्यंत तुमच्याकडे चालू पासपोर्ट नसतो. पंधरा दिवसांनी प्रवास असताना साधा अर्ज करणे म्हणजे सहल पणाला लावणे. तत्काळमध्ये कागद चोख असतील तर पोलीस पडताळणीची वाट न पाहता साधारण तीन कामाच्या दिवसांत पासपोर्ट निघतो. साध्या अर्जात पत्ता बदललेला असेल आणि पोलीस आले तेव्हा घराला कुलूप असेल तर प्रतिकूल अहवाल जाऊन फाइल अडकते. अर्ज केल्यावर फोन चालू ठेवा, पोलीस ठाण्यातून निरोप आला की टाळू नका. पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो, आणि ज्याचा आहे त्याच्याच हातात, ओळखपत्र पाहून देतात. शेजाऱ्यांकडे ठेवून जात नाहीत.

आता मिळणारे पासपोर्ट चिप असलेले ई-पासपोर्ट असतात, कव्हरवर खालच्या बाजूला सोनेरी छोटे चिन्ह असते. नागपूर आणि गोवा ही त्याची चाचणी झालेल्या पहिल्या कार्यालयांपैकी होती. जुन्या प्रकारचा पासपोर्ट त्याच्या तारखेपर्यंत पूर्णपणे चालतो, केवळ चिपसाठी बदलायची गरज नाही.

नवा पासपोर्ट आल्यावर, आधी घेतलेल्या व्हिशांचे काय?

चिकटवलेले व्हिसे आणि ई-व्हिसे यांत फरक करा. अमेरिका आणि कॅनडाचा जुन्या पुस्तकातला व्हिसा चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. नव्याच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक छापलेला असतो, दोन्हींची सांगड त्यावरून लागते. व्हिशाचे पान कधीही फाडून नव्यात लावू नका, तो व्हिसा त्याच क्षणी बाद. शेंगेनचा चालू व्हिसा रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये राहिला असेल तर ज्या देशाने दिला त्याच्या दूतावासाला ईमेल करून उत्तर छापून घ्या. विमानतळावर ते दाखवता येते.

ई-व्हिसा आणि ऑनलाइन परवानग्या मात्र पासपोर्ट क्रमांकाला बांधलेल्या असतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा किंवा श्रीलंकेची ईटीए ही ऑनलाइन प्रवासपरवानगी घेऊन झाल्यावर पासपोर्ट बदलला तर ती परवानगी नव्या क्रमांकावर चालत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. क्रम असाच असू द्या: आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकिटे. तिकीट आधीच काढले असेल तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा क्रमांक आणि तारीख बदलून घ्या.

जिथे हिशोब निराळा आहे

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना पासपोर्टशिवाय मतदार ओळखपत्रावर जाता येते. पासपोर्टवर भूतानला जात असाल तर सहा महिन्यांची मुदत मागतात, म्हणून मुदत थोडी असलेल्यांनी मतदार ओळखपत्रच न्यावे. १५ ते ६५ वयाच्यांना नेपाळसाठी आधार चालत नाही. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना मात्र ते चालते. विमानतळावरून परत फिरणाऱ्यांत आधार घेऊन काठमांडूला निघालेले मधल्या वयाचे प्रवासी असतात.

परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेची मोजणी आणखी वेगळी. तिथे तुमची प्रवासाची तारीख धरत नाहीत. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. जूनच्या तुकडीत नाव लागले तरी हिशोब सप्टेंबरपासून. म्हणजे पुढच्या वर्षी १ मार्चच्या आधी संपणारा पासपोर्ट असेल तर यात्रेचा अर्ज भरण्याआधीच तो नवा करून घ्यावा.